गार्डच्या सीटवरून दिसलेला समुद्र

माझं शुद्धलेखन चांगलं नाही, त्याची माफी आधीच मागून ठेवते. वेलांटी पहिली की दुसरी हे मला अजून कळत नाही, आणि अक्षर तर कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं येतं. शाळा चौथीपर्यंत झाली. पाचवीची शाळा ओढ्यापलीकडच्या गावात होती आणि आमच्या घरातल्या मुली शाळेसाठी ओढा ओलांडत नसत, एवढंच कारण. ही वही कुणाला दाखवायची नाही. पण मी गेल्यावर कपाट आवरताना लेकीच्या हाती लागेल, तेव्हा तिनं चुकांवर लाल रेघा मारत बसू नये.

कागद यांच्या गाडीचे आहेत. ट्रिपशीटचं पुस्तक म्हणतात त्याला. पुढच्या बाजूला पिकअपची वेळ, किलोमीटर, मॅडमची सही असे रकाने छापलेत. अठरा वर्षं यांनी ते रकाने भरले. उरलेली पुस्तकं रद्दीत निघाली होती, ती मी ठेवून घेतली. मागची बाजू कोरी असते.

चार बायका जमल्या की माझी जीभ टाळूला चिकटते. लहानपणापासून तसंच आहे. कागदापुढं तसं होत नाही, म्हणून समुद्राला गेलो त्याचं सगळं इथंच लिहिते.

हे हिंजवडीत कंपनीला गाडी लावून होते. गाडी स्वतःची, सतरा सीटची. संध्याकाळी निघायचे, रात्रभर कंपनीच्या मुलामुलींची ने-आण करायचे आणि सकाळी मी भाताच्या खाचरात गेले की घरी येऊन झोपायचे. मी परत यायची तेव्हा यांची पाठ दिसायची. आम्ही समोरासमोर बसून गरम भाकरी खायची ती सणावारालाच. मग कंपनीनं जुन्या गाड्या बंद केल्या. भंगारवाला येऊन गाडीभोवती एक फेरी मारून गेला. त्यानं सांगितलेला आकडा ऐकून हे म्हणाले, "एवढ्याचं तर मी हिला पाणी पाजलंय."

यांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. गाडीत बसणाऱ्या दोन मुली येताजाता मोबाइलवर कुठल्याशा नवराबायकोचे व्हिडिओ बघायच्या. ती दोघं गाडीतच राहायची. गाडीतच चूल, गाडीतच बिछाना, आणि दार उघडलं की समोर समुद्र. हे पुढं बसून ऐकत असायचे.

एकदा जेवताना म्हणाले, "आपुनबी जाऊ."

"कुठं?"

"समुद्राला."

"कुणाला सोडायला?"

"कुणाला न्हाई. आपुनच जायचं."

मी ताटाकडे बघून हसले. मला वाटलं नोकरी गेल्यामुळं बोलतायत. पण दुसऱ्या दिवशी पाना घेऊन गाडीत शिरले आणि एकेक सीट बाहेर यायला लागली. ड्रायव्हरची आणि तिच्या शेजारची, एवढ्या दोनच ठेवल्या. बाकीच्या गावात वाटल्या गेल्या. दोन देवळाच्या ओट्यावर, दोन वडापावच्या गाडीशी, चार आमच्या अंगणात. शेजारचे म्हातारबाबा रोज दुपारी येऊन मागं रेलून झोपायचे. उठवलं की म्हणायचे, "माजा स्टॉप अजून आला न्हाई."

गाडीत फळ्यांचा पलंग झाला. खाली धान्याचे डबे, कडेला दोन शेगड्या, टपावर पाण्याची टाकी. पडदे मी माझ्या दोन जुन्या साड्यांचे शिवले. पण चारही टायर गुळगुळीत झाले होते, बॅटरी बदलायची होती, विमा संपत आला होता, डिझेल वेगळंच. सगळे मिळून पस्तीस हजार हवे होते. यांनी कुणाला विचारायचं याची नावं बोटांवर मोजली आणि मूठ मिटली.

"मी गटातून काढते," मी म्हणाले.

यांनी माझ्याकडे बघितलं. नऊ वर्षं मी बचत गटात होते आणि एक रुपया कधी मागितला नव्हता. पैशाची गरज पडली नाही असं नाही, मागायला तोंड उघडावं लागतं म्हणून.

गटात आम्ही बारा जणी, बैठक देवळात. महिन्याला प्रत्येकीचे दोनशे. अध्यक्ष माझ्या चुलत जाऊ आहेत, सगळ्या त्यांना आक्का म्हणतो. कर्ज हवं असलं की उभं राहून कारण सांगायचं, ते वहीत लिहितात, मग बाकीच्या हात वर करतात. कामधंद्यासाठी, आजारपणासाठी, शाळेसाठी पैसे मिळतात. मी आठ दिवस वाक्य पाठ केलं होतं, "आम्हाला गाडी घेऊन समुद्र बघायला जायचंय, मी दोन वर्षांत फेडीन." माझ्या आधीच्या बाईनं शेळ्यांसाठी मागितले. मग मी उभी राहिले आणि वाक्यातला एक शब्दही वर येईना. समुद्र हा शब्द त्या बायकांसमोर उच्चारायचा म्हणजे मला अंगावरचा पदर काढल्यासारखं वाटायला लागलं.

आक्कांना माझी दया आली. त्या म्हणाल्या, "अगं बाई, घामानं भिजली ती. हिच्या मालकाची गाडी बंद पडली, ठाऊक हाय सगळ्यांना. घरात कायतरी धंदा नको का? शेवयाचं मशीन घ्यायचं असंल. व्हय ना गं?"

मी मान हलवली.

बस, एवढंच. मान खाली गेली, वर आली, आणि वहीत लिहिलं गेलं, शेवयाचं मशीन. अकरा हात वर झाले. बाहेर पडताना एकीनं माझा दंड धरला, "माज्या पोरीच्या लग्नाच्या शेवया तुज्याकडंच करायच्या. चैतात मशीन येईल ना?"

मी परत मान हलवली.

हे पैसे त्या बायकांच्या घामाचे होते. खुरपणीच्या रोजातून, अंड्यांच्या पैशातून दोन-दोनशे बाजूला पडलेले. त्या बारा जणींत मला एकच मान होता, ही बोलत नाही पण खोटंही बोलत नाही. तो मी तीन मिनिटांत घालवून आले होते. यांना काही सांगितलं नाही. टायर आले, बॅटरी आली, हे शीळ घालत गाडी पुसत होते. त्या शिळेपुढं काय बोलणार?

माघ महिन्यात निघालो. यांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं, "रिपोर्टिंग चार वाजता." मी साडेतीनलाच उठले. बाहेर आले तर हे इंजिन चालू करून बसलेले. मी मागच्या दारानं चढले आणि पलंगाच्या टोकाला खिडकीशी बसले.

आरशात यांचे डोळे दिसले. "तितं काय करती? पुढं ये की."

"पुढची सीट गार्डची असते ना?"

खरं म्हणजे याआधी मी त्या गाडीत दोनदाच बसले होते, तेही मागं. रात्री बायका गाडीत असल्या की पुढं गार्ड बसायचा, असा कंपनीचा नियम यांनीच मला सांगितला होता.

हे म्हणाले, "आजपासून गार्ड तूच. झोपायचं न्हाई आन् ड्रायव्हरलाबी झोपू द्यायचं न्हाई."

ताम्हिणी घाट उतरताना उजाडलं. माझ्या माहेरची वाट एवढीच होती, धरणाच्या कडेकडेनं. त्याच्यापुढं मी कधी गेले नव्हते. घाटाखाली हवा बदलली, अंगाला ओलसर लागायला लागली. आणि हे बोलायला लागले. माझं लग्न होऊन सत्तावीस वर्षं झाली, पण माझा नवरा इतका बोलतो हे मला त्या दिवशी कळलं. गाडीत बसणाऱ्या मुलामुलींच्या सगळ्या गोष्टी यांच्याकडे होत्या. कोण कुणाशी भांडून दुसऱ्या गाडीनं जायला लागली, कोण अमेरिकेला गेला आणि तिथून यांना फोन करून विचारत होता की काका, चांदणी चौकात अजून तेवढाच ट्रॅफिक आहे का. मी हसत होते. हे मधूनच म्हणायचे, "गार्डनं हसायचं नसतं."

दिवेआगरच्या आधी सुरूची झाडं लागली, आणि झाडांच्या मधून काहीतरी पांढरं हलताना दिसलं. यांनी गाडी उभी केली. उलटी लावली, तोंड रस्त्याकडे. अठरा वर्षांची सवय, कधी कॉल येईल सांगता येत नाही.

धरणाचं पाणी मी जन्मापासून बघते. समुद्र म्हणजे मोठं धरण असेल अशी माझी समजूत. मी वाळूत उभी राहून बराच वेळ पलीकडचा काठ शोधत होते. धरणाला पलीकडे गाव असतं, दिवे लागतात, कुणाची तरी गुरं दिसतात. इथं पलीकडे काही नव्हतं. आणि पाणी एका जागी उभं राहत नव्हतं.

हे विजार गुडघ्यापर्यंत दुमडून आत गेले. मी साडी घोट्याच्या वर धरून काठावरच होते. आजूबाजूला शहरातल्या मुली चड्ड्या घालून पळत होत्या, त्यांच्यात माझ्याकडे कोण बघतंय? तरी मला वाटत होतं सगळा समुद्रकिनारा माझ्या घोट्यांकडे बघतोय. मग एक लाट आली आणि यांची चप्पल घेऊन गेली. हे तिच्या मागं, चप्पल पुढं. मी साडीबिडी विसरून कमरेएवढ्या पाण्यात गेले आणि चप्पल पकडली. वर आले तेव्हा दोघांच्या अंगावर कोरडा धागा नव्हता. दुसरी चप्पल मात्र गेली ती गेलीच. पुढचे दोन दिवस हे एका पायात चप्पल घालून हिंडले. म्हणायचे, "ती आली तर जोडी लागंल ना."

राहायची सोय अशी, की सुपारीच्या वाडीच्या मालकाला थोडे पैसे देऊन अंगणात गाडी लावायची. संडास-न्हाणी त्यांची, चूल आमची. तिथं मी आमच्या आंबेमोहोराचा भात टाकला. वास गेला तशी मालकीणबाई पळीभर आमटी घेऊन आली आणि वाटीभर भात घेऊन गेली. जेवायला आम्ही गाडीच्या पायरीवर बसलो. ताटं गरम होती आणि यांना कुठं जायचं नव्हतं.

पण रोज जेवताना मला शेवयाचं मशीन आठवायचं. चैत्र दीड महिन्यावर आला होता.

दिवेआगरहून श्रीवर्धनला जाणारा रस्ता पार समुद्राला चिकटून आहे. खिडकीतून हात बाहेर काढला की पाण्याला लागेल असं वाटतं. हे मुद्दाम हळू चालवत होते. मागून गाड्यांचे हॉर्न वाजत होते आणि हे आरशात बघून म्हणत होते, "जा बाबा, तुला लॉगिन असंल." लॉगिन म्हणजे कंपनीत हजेरी लागायची वेळ. पुढं हरिहरेश्वर केलं आणि बागमांडल्याला खाडीवर आलो. तिथं पूल नाही. गाड्या जंगलजेट्टीत चढवतात. जंगलजेट्टी म्हणजे गाड्या नेणारी रुंद लोखंडी बोट. आमची गाडी चढली तेव्हा बोट अशी हलली की यांनी हँडब्रेक ओढून वर पाय ब्रेकवरच ठेवला. चाकं जमिनीवर नाहीत आणि तरी गाडी पुढं चाललीय, हे यांना सहन होत नव्हतं. घट्ट स्टिअरिंग धरून बसले होते.

तेव्हाच मी सांगितलं. दुसरीकडे सांगितलं असतं तर हे उठून गेले असते. बोटीत कुठं जाणार?

ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तितंच का न्हाई बोललीस?"

"बोलायला तोंड उघडलं असतं तर कशाला हे झालं असतं?"

"मंजी आपुन आत्ता शेवयाच्या मशीनमधी बसलोय."

त्यांना हसू आवरेना. मला रडू आलं. माझ्याकडे बघून हे हसायचे थांबले. पलीकडचा धक्का जवळ आला तेव्हा म्हणाले, "पैसं मी फेडीन. कुठंतरी ड्रायव्हर म्हणून लागीन."

"पैशाचं नाही," मी म्हणाले. "त्या बायकांनी मशीनसाठी हात वर केले. मला त्यांच्यात परत बसायचंय."

पुढचं जे झालं ते यांच्या पायामुळं झालं. हर्णैच्या अलीकडे सकाळच्या वेळी रस्त्याच्या कडेला पाच बायका उभ्या होत्या. शेजारी पाट्या, टोपल्या. यांनी कचकन ब्रेक दाबला, गाडी त्यांच्यासमोर बरोब्बर दार येईल अशी उभी केली आणि दाराचं बटण दाबलं. मी बघतच राहिले.

"अहो, काय करताय?"

हे माझ्याइतकेच चकित झालेले. "पाय गेला गं. बायका उभ्या दिसल्या की पाय जातोय."

तोवर बायका चढल्यासुद्धा. कोळणी होत्या. त्यांचा रोजचा टेम्पो बंद पडला होता आणि दापोलीचा बाजार गाठायचा होता. सगळ्यात पुढं एक साठीची, अंगानं भक्कम, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ती आत येऊन थबकली. "अगो, हे तर कुणाचं घर आहे गो. पलंग काय, पडदे काय."

बाकीच्या म्हणाल्या, "मग उतरायचं काय?"

"उतरतेस कशाला, पलंग रिकामाच आहे," असं म्हणून ती पलंगावर बसली आणि मांडीवर पाटी घेतली. पाटीतलं पाणी माझ्या नव्या गादीवर ठिबकायला लागलं. नको म्हणायला माझी जीभ उचलली नाही. मी उठून मागं गेले आणि चहा टाकला. चालत्या गाडीत शेगडीवर चहा होतोय हे बघून त्यांची जी हसाहशी सुरू झाली, ती दापोलीपर्यंत.

त्या मावशीनं माझ्याकडे बघत विचारलं, "फिरत असतेस होय अशी? धंदा काय गो तुझा?"

का ते मला अजून सांगता येत नाही. उद्या ही बाई भेटणार नाही म्हणून असेल, किंवा तिच्या आवाजापुढं माझा आवाज कुणाला ऐकू जाणार नाही म्हणून. मी सगळं सांगितलं. गट, शेवया, मान हलवली ते.

मावशी बशीतला चहा फुंकत होती. म्हणाली, "तू खोटं बोललीस कुठं? मान तर हलवलीस."

मला बरं वाटलं.

"पण फेडायला दोन्ही सारखंच," ती म्हणाली.

मग तिनं विचारलं की पावसाळ्यात आमच्याकडे काय खातात. मी म्हटलं, सुकट, बोंबील. कुठून घेता? बाजारातून, मिळेल तसली, वाळू आणि मीठच जास्त. मावशीनं पलंगाखाली वाकून बघितलं, डबे सरकवले, आणि हातानं जागा मोजली. "एवढी गाडी घेऊन आलीस आणि रिकामी परत नेणार? नवरा काही बोलत नाही तुला?"

त्यांचा टेम्पो चार दिवस दुरुस्त झाला नाही. आम्ही मावशीच्या घरामागं गाडी लावली आणि हे रोज त्यांना दापोलीला पोचवायला लागले. पहिल्या संध्याकाळी यांनी विचारलं, "उद्या पिकअप किती वाजता?" तो आवाज मी ओळखला. कंपनी सुटल्यापासून तो ऐकला नव्हता. पहाटे पाचला हे प्रत्येकीच्या दारात दोनदा हॉर्न देऊन उभे. बायकांना वेळेवर निघायची सवय नव्हती, भाकरी हातात घेऊन धावत यायच्या आणि यांना शिव्या घालायच्या. यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की काय सांगू.

भाडं पैशानं नको, सुक्या मासळीनं द्या, असं मी सांगितलं. मी म्हणजे मीच. हे गाडीत डिझेल बघत होते, मला बोलावंच लागलं.

त्या चार दिवसांत मावशीनं मला माल पारखायला शिकवला. चांगला बोंबील वाकवला की कट्कन मोडतो, वाकला तर आत ओल आहे. ती जवळा म्हणते त्याला आपण सुकट म्हणतो. त्यात हात खुपसून बाहेर काढायचा आणि तळहात बघायचा, वाळू असेल तर तिथं दिसते. "मीठ विकत घेऊ नको, मासळी घे," असं ती दर वेळी म्हणायची. संध्याकाळी आम्ही चौथरा झाडून बसायचो. समोर समुद्रात किल्ला, होड्या परत येतायत, वाळूत मासळीचा लिलाव चाललाय, आरडाओरडा. मी त्या गर्दीत सुद्धा गेले. तिथं इतका गोंगाट असतो की लाजायला जागाच नाही.

आमचं ठरलं होतं गणपतीपुळ्यापर्यंत जायचं. त्या डिझेलच्या पैशाचा मी अजून माल घेतला आणि म्हणाले, इथूनच फिरू. हे समुद्राकडे बघत जरा उभे राहिले. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तो कुठं पळून चाललाय."

चार पोती बोंबील-सुकट घेऊन निघालो. पलंगावर पोती, शेगडीवर पोती. खिडक्या सगळ्या उघड्या, तरी डोळ्यांतून पाणी. ताम्हिणीत चहाला थांबलो तर टपरीवालाच लांब जाऊन उभा राहिला. आणि गावात शिरलो तेव्हा वेशीपासून मांजरं मागं लागली. एक, दोन, मग सात-आठ. आमच्या दारात गाडी थांबेपर्यंत सगळ्या आळीला कळलं होतं.

गटातल्या तीन-चार जणी आल्या. लग्नाच्या शेवयावाली पण होती. तिनं गाडीत डोकं घातलं, बाहेर काढलं, आणि नाकाला पदर लावून म्हणाली, "का गं, शेवयाच्या मशीनला बोंबलाचा वास कसा?"

महिन्याच्या बैठकीत मी उभी राहिले. कुणाकडे बघितलं नाही, देवळाच्या फरशीकडे बघून बोलले. म्हणाले, "मशीन घेतलं न्हाई. घ्यायचंच नव्हतं. आमाला समुद्र बघायला जायचं हुतं, ते सांगायची लाज वाटली. आक्का मशीन म्हणाल्या तवा मी मान हलवली. त्यांची चूक न्हाई, माजी हाय. आता सुकट आणलीया, ती इकून पैसं फेडते."

इतकं मी आयुष्यात एका दमात बोलले नव्हते.

मग आक्का म्हणाल्या, "म्हणजे मी खोटी पडले."

"तुमी न्हाई, आक्का."

"वहीत माज्या हातचं अक्षर हाय. बॅंकेचा साहेब येऊन मशीन दाखवा म्हणला तर मी काय मांजरं दाखवू?"

एकजण हसली, आक्कांनी तिच्याकडे बघितल्यावर थांबली. आक्का म्हणाल्या, कारण खोटं निघालं तर दोन वर्षांची मुदत मिळत नाही. दसऱ्याच्या आधी पूर्ण रक्कम व्याजासकट, नाहीतर नाव कमी. मी म्हटलं, बरं. शेवयावाली मात्र जाताना हळूच म्हणाली, "मग समुद्र कसा हाय?"

"लई हालतो," मी म्हणाले.

मग आम्ही गावोगाव फिरलो. ओरडून विकायचं मला जमणार नव्हतं, पण त्याची गरजच पडली नाही. हे दोनदा हॉर्न द्यायचे, बाकीचं वास आणि मांजरं करायची. मी तळहातावर सुकट घेऊन दाखवायची, वाळू नाही बघा. बायका घरात जाऊन शेजारणीला घेऊन यायच्या. पाऊस लागायच्या आधी आम्ही आणखी तीनदा हर्णैला गेलो. दर वेळी जाताना गाडी रिकामी असायची, म्हणजे पलंग आमचा. जाताना हे एक दिवस जास्त धरायचे. एकदा वाट वाकडी करून दाभोळची जंगलजेट्टी केली आणि गुहागरला जाऊन आलो, नुसतं बघायला. तिथं मी आपण होऊन पाण्यात गेले, चप्पल वाहून गेली नव्हती तरी.

श्रावण लागला आणि विक्री बंद पडली. श्रावणात आमच्याकडे कोण सुकट खातं? दीड पोतं उरलं होतं, हवेत ओल, रोज चुलीजवळ पसरून परत भरायची. अकरा हजार राहिले होते. मला रात्रभर झोप लागायची नाही.

यांनाच सुचलं. हिंजवडीत टॉवर उठतायत तिथं कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या आहेत. बंगाल-ओरिसाची माणसं, त्यांना श्रावण नाही. आम्ही पगाराच्या दिवशी गाडी नेली. मला हिंदी येत नाही, त्यांना मराठी येत नाही. ते बोटं दाखवायचे, मी बोटं दाखवायची. एवढी सोपी विक्री मी दुसरीकडे कुठं केली नाही. एक माणूस बोंबील नाकाशी नेऊन डोळे मिटून उभा राहिला आणि मग त्यानं दोन किलो घेतला. परतताना यांच्या जुन्या कंपनीच्या गेटवरून गेलो. गेटवरच्या गार्डनं यांना ओळखून हात केला आणि मला पुढच्या सीटवर बघून सलाम ठोकला. मी पण ठोकला.

गणपती झाले, पितृपक्ष संपत आला, तेव्हाच्या बैठकीला मी पैसे घेऊन गेले. बहुतेक दहा-वीसच्या नोटा होत्या, आणि त्यांना अजून वास होता. आक्कांनी नाक मुरडलं, पण मोजल्या. एकदा मोजल्या, मग शेजारणीला मोजायला दिल्या, मग परत स्वतः मोजल्या. सगळ्या जणी बघत होत्या. मी पण बघत होते, फरशीकडे नाही, त्यांच्याकडे.

"बराबर हाय," आक्का म्हणाल्या. "व्याजासकट." त्यांनी वहीत लिहिलं, शिक्का मारला आणि वही माझ्याकडे सरकवली. मी सही केली. सगळे पैसे फिटले.